इंग्रजीतलं ‘म्हणजे’: कुठे आय.ई., कुठे ई.जी., कुठे काहीच नको

प्रश्न: मी नाशिकला एका कारखान्याच्या एचआर विभागात काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं, पण ऑफिसच्या इंग्रजी नोटिसा आणि मेल मलाच लिहावे लागतात. मागे मेडिक्लेमची नोटीस काढली. त्यात ‘डिपेंडंट्स, आय.ई., स्पाउस अँड पेरेंट्स’ असं लिहिलं. मुलांचं नाव काढलं का, असं विचारायला लोकांची रीघ लागली. साहेब म्हणाले, इथे ई.जी. हवं होतं. दुसऱ्या एका मेलमध्ये मी ई.जी. लिहिलं, तर म्हणाले तिथे आय.ई. हवं. आता मी सगळीकडे ‘दॅट इज’ लिहिते, तर सहकारी म्हणतो तेही चुकतंय. कॉमा तर अंदाजानेच देते. आणि बोलताना दर वाक्याला ‘मीन्स’ येतं, ते वेगळंच. एकदा नीट समजावून सांगाल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नमस्कार. पहिली गोष्ट, नोटिशीत साहेबांनी सुचवलेली दुरुस्तीसुद्धा चुकीचीच आहे.

तुम्ही आय.ई. लिहिलंत. त्याचा अर्थ, डिपेंडंट म्हणजे जोडीदार आणि आई-वडील, इथे यादी संपली. लोकांनी नोटीस बरोबर वाचली, म्हणूनच ते विचारायला आले. त्या जागी ई.जी. असतं, तर जोडीदार आणि आई-वडील ही नुसती नमुन्यादाखल दिलेली नावं ठरली असती आणि बाकी कोण बसतं ते मोघमच राहिलं असतं. मग मुलांच्या जोडीला सासू-सासरे, धाकटा भाऊ, माहेरी राहणारी बहीण, सगळ्यांची चौकशी तुमच्याकडे आली असती. विमा पॉलिसीत कोण बसतं आणि कोण नाही हे ठरलेलं असतं. तिथे नमुने देऊन भागत नाही, पूर्ण यादीच द्यावी लागते. तुमच्या यादीतून ‘चिल्ड्रन’ गळलं, ती खरी चूक. आय.ई.ने ती झाकू दिली नाही एवढंच.

पूर्ण यादीसाठी इंग्रजीत ‘नेमली’ हा शब्द आहे. (उदाहरणातली इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. विरामचिन्हं मात्र इंग्रजीत जशी येतील तशीच ठेवली आहेत, तीही नीट पाहा.)

“द पॉलिसी कव्हर्स थ्री कॅटेगरीज ऑफ डिपेंडंट्स, नेमली, स्पाउस, चिल्ड्रन अँड पेरेंट्स.”

किंवा त्याहून सुटसुटीत: “द पॉलिसी कव्हर्स द फॉलोइंग डिपेंडंट्स: स्पाउस, चिल्ड्रन अँड पेरेंट्स.” ‘द फॉलोइंग’ आणि अपूर्णविराम, म्हणजे कोलन, असला की ‘नेमली’ची गरज राहत नाही. दोन्ही एकत्र लिहू नका. मुलांना वयाची अट असेल तर ती ‘चिल्ड्रन’च्या लगेच पुढे कंसात टाका. नोटिशीच्या तळाशी तारा काढून दिलेली अट कोणी वाचत नाही. तुमच्या कारखान्यातले बरेच लोक ‘डिपेंडंट्स’ या शब्दाशीच अडत असतील, तर तो गाळून थेट लिहा: “यू कॅन इन्शुअर युअर स्पाउस, चिल्ड्रन अँड पेरेंट्स.” मग खुलासा करायला काही उरतच नाही. अवघड शब्द लिहून त्याचा अर्थ सांगण्यापेक्षा तो शब्दच टाळता आला तर टाळावा.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. मराठीत ‘म्हणजे’ हा एक शब्द आपण चार कामांना वापरतो. तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो, मासल्याला एक-दोन नावं देतो, सगळी यादी वाचून दाखवतो आणि कधी नुसता निष्कर्ष काढतो. इंग्रजीत या चारही कामांना वेगळे शब्द आहेत. त्यामुळे लिहिण्याआधी स्वतःला मराठीत विचारायचं: पुढे मी जे लिहिणार आहे, ते मागच्याच्या बरोबरीचं आहे, त्यातला नमुना आहे, त्यातलं सगळं आहे, की त्यातून निघणारा परिणाम आहे? बरोबरीचं असेल तर आय.ई. किंवा दॅट इज. नमुना असेल तर ई.जी., फॉर एक्झाम्पल किंवा सच अ‍ॅज. सगळं असेल तर नेमली. परिणाम असेल तर सो किंवा देअरफोर. बाकी सगळा तपशील आहे, पण नोटिसा त्या तपशिलातच फसतात.

आय.ई. हा ‘इद एस्त’ या लॅटिन शब्दजोडीचा संक्षेप. अर्थ ‘ते आहे’, म्हणजे शब्दशः ‘दॅट इज’. ई.जी. हा ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’चा, अर्थ ‘उदाहरणादाखल’. लॅटिन लक्षात नाही राहिलं तरी चालेल. आय.ई.च्या दोन्ही बाजूंना तराजूची पारडी समजा. डावीकडचं काढून तिथे उजवीकडचं ठेवलं आणि वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर आय.ई. बरोबर. “प्लीज कॅरी अ फोटो आयडी, आय.ई., युअर आधार कार्ड.” इथे फोटो आयडीच्या जागी आधार कार्ड ठेवून पाहा. आधारच आणा, असा अर्थ झाला. पॅन कार्ड किंवा पासपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला गेटवरून परत जावं लागेल आणि वॉचमनचं काही चुकलेलं नसेल. कोणतंही ओळखपत्र चालणार असेल तर “अ फोटो आयडी, ई.जी., आधार, पॅन कार्ड ऑर पासपोर्ट” असं लिहायला हवं. मधला ‘ऑर’ सोडू नका. ‘अँड’ लिहिलंत तर कोणीतरी तिन्ही घेऊन येईल.

प्रवासखर्चाच्या मेलमध्येही हीच गफलत नेहमी होते. “लोकल ट्रॅव्हल, आय.ई., ऑटो अँड बस” असं लिहिलं की टॅक्सीचं बिल नामंजूर करायला अकाउंट्सला लेखी आधार मिळतो. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काहीच नसतं.

आय.ई.चा खरा उपयोग तारखा, आकडे आणि मुदती यांच्यात आहे, आणि नेमका तिथेच तो कोणी करत नाही. ०५/०६/२०२५ ही तारीख आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेतला माणूस ती ६ मे वाचतो. परदेशी ग्राहकाला मेल असेल तर महिना अक्षरांत लिहा. ग्राहकाच्याच फॉर्मवरचा आकडा तसाच ठेवणं भाग असेल, तर पुढे खुलासा जोडा: “०५/०६/२०२५, आय.ई., ५ जून २०२५”. लाख-कोटींचंही तसंच: “रुपीज २५ लाख, आय.ई., २.५ मिलियन रुपीज”. ‘बाय-वीकली’ या शब्दाचे इंग्रजीत दोन्ही अर्थ चालतात, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. तो वापरलात तर आय.ई. लावणं भागच आहे, पण सरळ ‘ट्वाइस अ वीक’ लिहिलेलं बरं. आर्थिक वर्षाचंही पाहा. आपलं एप्रिल ते मार्च, अमेरिकेच्या केंद्र सरकारचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. नुसतं ‘एफवाय २५’ लिहिलं तर दोन माणसं दोन वेगळी वर्षं धरून हिशेब करतात. तिथे “एफवाय २५, आय.ई., एप्रिल २०२४ टू मार्च २०२५” हवंच.

पण खुलासा लिहिलात की तो तपासून घ्या. “फ्रायडे, आय.ई., १५ मार्च २०२५” असं लिहिलं आणि कॅलेंडरमध्ये १५ तारखेला शनिवार निघाला, तर वाचणारा ना वार धरू शकतो ना तारीख. आधी निदान एकच गोष्ट होती आणि ती तरी खरी मानता येत होती. वार-तारखेची जोडी लिहिताना कॅलेंडर उघडून बघायचंच, अंदाजाने कधी लिहायचं नाही.

ई.जी.ला तीन पथ्यं. पहिलं, शेवटी एटसेट्रा नको. उदाहरणादाखल असं सांगूनच झालंय, मग वगैरे कशाला? आपण मराठीतही ‘उदा. आंबा, पेरू इत्यादी’ सर्रास लिहितो, ती सवय इंग्रजीत शिरते. दुसरं, दोन किंवा तीन नमुने पुरेत, आणि ते एकमेकांपासून लांबचे निवडा. “सेफ्टी गिअर, ई.जी., हेल्मेट अँड हार्ड हॅट” यातून नवीन काहीच कळत नाही. “ई.जी., हेल्मेट, ग्लव्ह्ज ऑर सेफ्टी शूज” यातून डोक्यापासून पायापर्यंतचा आवाका कळतो. तिसरं, ई.जी.नंतर सगळीच नावं लिहून झाली असतील तर ते ई.जी. राहिलेलं नाही. तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये साहेबांनी ई.जी. खोडून आय.ई. केलं ते बहुधा यामुळेच, आणि ते बरोबर असावं. तरीही यादीच असेल तर नेमली अधिक नेमकं.

‘सच अ‍ॅज’कडे थोडं थांबून पाहू, कारण कारखान्यात या एका स्वल्पविरामाने अर्थ फिरतो.

“केमिकल्स सच अ‍ॅज अ‍ॅसिटोन मस्ट बी केप्ट अवे फ्रॉम हीट.”
“केमिकल्स, सच अ‍ॅज अ‍ॅसिटोन, मस्ट बी केप्ट अवे फ्रॉम हीट.”

पहिल्या वाक्यात अ‍ॅसिटोनसारखी, म्हणजे पेट घेणारी रसायनं उष्णतेपासून लांब ठेवायची आहेत. बाकीच्यांबद्दल वाक्य काही बोलत नाही. दुसऱ्यात सगळीच रसायनं लांब ठेवायची आहेत आणि अ‍ॅसिटोन हे त्यातलं एक, जाता जाता सांगितलेलं. स्टोअरमध्ये चाळीस ड्रम असतील, तर पहिल्या वाक्याने त्यातले काही हलतील आणि दुसऱ्याने सगळे. ‘सच अ‍ॅज’चा तुकडा काढून टाकला तर उरलेलं वाक्य खरं राहतं का, एवढं बघायचं. राहत असेल तर दोन्हीकडे स्वल्पविराम, नसेल तर एकही नाही. ‘सच अ‍ॅज’नंतर अपूर्णविराम कधीच येत नाही. ‘लाइक’ बोलण्यात चालतं, पण नोटिशीत टाळा. ‘ऑपरेटर्स लाइक मिस्टर पाटील’ यात पाटील स्वतः आले की फक्त त्यांच्यासारखे इतर, यावर वाद होऊ शकतो.

आता ‘इन्क्लूडिंग’. हा शब्द दिसायला गरीब आहे, पण करारात आणि कायद्यात तो मोठा आहे. भारतीय कायद्यांच्या व्याख्यांमध्ये ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ हे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरलेले असतात. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ या कायद्याच्या कलम ३ मध्येच दोन्ही नमुने सापडतात. ‘मंथ’ची व्याख्या ‘शाल मीन’ने सुरू होते: ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना, दुसरा कुठला नाही. ‘इमूव्हेबल प्रॉपर्टी’ची व्याख्या मात्र ‘शाल इन्क्लूड’ म्हणते आणि जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, जमिनीला कायम जोडलेल्या वस्तू अशी नावं घेते. पहिली व्याख्या दार लावून घेते, दुसरी उघडं ठेवते. दोन्ही शब्द एकत्र, म्हणजे ‘मीन्स अँड इन्क्लूड्स’, आले तर यादी बंद समजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पी. कासिलिंगम खटल्यात म्हटलं आहे.

तुमच्या कामात याचा उपयोग असा. ‘अलाउन्सेस, इन्क्लूडिंग शिफ्ट अलाउन्स अँड कॅन्टीन अलाउन्स’ असं पत्रात लिहिलंत, तर आणखीही भत्ते आहेत असा अर्थ निघतो आणि कोणीतरी ते मागायला येणारच. दोनच भत्ते असतील तर ‘टू अलाउन्सेस, नेमली’ लिहा. उलट, जी यादी तुम्हाला मुद्दाम उघडी ठेवायची आहे, तिथे वकील मंडळी ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ असं लांबलचक लिहितात. रोजच्या मेलला नुसतं ‘इन्क्लूडिंग’ पुरतं.

सरकारी पत्रांत ‘व्हिज.’ दिसतं. ते ‘व्हिडेलिसेट’ या लॅटिन शब्दाचं लघुरूप आणि त्याचा अर्थ नेमलीच. शेवटचं अक्षर मूळ शब्दात नाही. मध्ययुगातले लेखनिक संक्षेपासाठी एक वळणदार खूण करायचे, ती पुढे झेडसारखी छापली गेली. वाचताना ‘नेमली’ असंच वाचतात. जुन्या फायलींमध्ये पाहून ते उचलू नका, आज मेलमध्ये ते जुनाट दिसतं.

तुमच्या ‘दॅट इज’चं काय चुकतंय? दोन गोष्टी असू शकतात. एक, आय.ई. आणि दॅट इज एकच आहेत. त्यामुळे जिथे नमुने द्यायचे तिथे आय.ई.ऐवजी दॅट इज लिहिलं, तर चूक तशीच राहते, फक्त लांब होते. दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. “द सुपरवायझर दॅट इज ऑन ड्यूटी विल साइन” यात दॅट इज खुलासा करत नाही, जो ड्यूटीवर आहे तो, असं सांगतं. “द शिफ्ट इन-चार्ज, दॅट इज, द सुपरवायझर ऑन ड्यूटी, विल साइन” यात तो खुलासा आहे. दोघांत फरक करणारं चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. ते गाळलं की वाचणारा वाक्याच्या मध्यावर अडखळतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो.

स्वल्पविरामाचे नियम फार नाहीत. खुलाशाचा तुकडा वाक्याच्या मधे आला तर त्याच्या आधी एक आणि संपल्यावर एक. दुसराच राहतो, नेहमी. “अवर अकाउंटंट, मिस्टर पाटील विल कॉल यू” असं लिहिलं, तर तुम्ही अकाउंटंटला सांगताय की पाटील फोन करतील, असंही वाचता येतं. ‘पाटील’नंतर स्वल्पविराम द्या, शंका मिटते. तुकडा काढून वाक्य वाचायचं, सांधा जिथे जुळतो तिथे दोन्ही चिन्हं आहेत का ते बघायचं. तुकड्यातच यादी असेल आणि स्वल्पविरामांची गर्दी होत असेल, तर सगळा तुकडा कंसात टाका: “ऑल थ्री शिफ्ट्स (आय.ई., फर्स्ट, सेकंड अँड नाइट) विल रिमेन क्लोज्ड.”

आय.ई. आणि ई.जी. यांच्या नंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावर अमेरिका आणि ब्रिटन यांचं जमत नाही. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल द्या म्हणतं. ब्रिटिश छपाईत तो बहुतेक गाळतात, काही ठिकाणी तर टिंबंही देत नाहीत. तुमच्या ऑफिसात एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा. आधीचा स्वल्पविराम किंवा कंस मात्र दोघांनाही लागतो. अक्षरं दोन्ही लहान लिपीतली, आणि औपचारिक लिखाणात वाक्याची सुरुवात त्यांनी करायची नाही. तिथे ‘दॅट इज’ किंवा ‘फॉर एक्झाम्पल’ पूर्ण लिहायचं.

ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये हे दोन्ही संक्षेप हळूहळू बंद करायचं ठरवलं. एक कारण वाचकांचं: इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना ते कळत नाहीत. दुसरं कारण गमतीचं आहे, पण खरं आहे: अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर्स टिंबांशिवायचं ई.जी. ‘एग’ असं वाचतात. तुमच्या नोटिसा वाचणारे निम्मे लोक इंग्रजी अडखळत वाचत असतील तर हा निर्णय तुम्हीही घ्यायला हरकत नाही. साहेबांना सांगायला आधारही आहे.

तुकड्याची जागाही महत्त्वाची. “सबमिट द फॉर्म टू द सिक्युरिटी ऑफिस बाय फ्रायडे, आय.ई., द केबिन निअर गेट नंबर टू.” म्हणजे शुक्रवार ही गेटजवळची केबिन झाली! खुलासा ज्याचा आहे त्याला चिकटून बसवा: सिक्युरिटी ऑफिसच्या लगेच पुढे. आणि दोन्ही बाजू एकाच जातीच्या ठेवा. डावीकडे क्रियापद असेल तर उजवीकडेही क्रियापद. “एक्सपेडाइट द ऑर्डर, आय.ई., डिलिव्हरी बाय मंडे” हे लंगडं आहे. “आय.ई., डिलिव्हर इट बाय मंडे” हे नीट. वाक्याचं मुख्य क्रियापद मात्र पहिल्या कर्त्याप्रमाणे चालतं, मधल्या तुकड्याप्रमाणे नाही: “द कमिटी, आय.ई., द थ्री मॅनेजर्स, मीट्स ऑन मंडे.” मॅनेजर तीन असले तरी ‘मीट्स’च.

‘ऑर’सुद्धा खुलाशाचं काम करतं, आणि तिथे सगळी भिस्त स्वल्पविरामावर. “स्क्रॅप, ऑर रिजेक्टेड मटेरियल, मस्ट बी टॅग्ड” यात स्क्रॅप म्हणजेच रिजेक्ट झालेला माल. स्वल्पविराम काढले की त्या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. इतक्या बारीक चिन्हावर स्टोअरचं काम सोपवू नये. तिथे सरळ आय.ई. लिहा.

‘इन अदर वर्ड्स’चा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. “द व्हेंडर हॅज नॉट सेंट द इनव्हॉइस. इन अदर वर्ड्स, वी कॅनॉट रिलीज द पेमेंट.” दुसरं वाक्य पहिल्याचंच दुसरं रूप नाही, तो परिणाम आहे. तिथे ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ हवं. ‘इन अदर वर्ड्स’नंतर नवी माहिती येत नाही, जुनीच सोपी होऊन येते: “द इनव्हॉइस इज अंडर रिकन्सिलिएशन; इन अदर वर्ड्स, वी आर मॅचिंग इट विथ द पर्चेस ऑर्डर.” त्यातलं चिन्ह पाहा. दोन्हीकडे पूर्ण वाक्यं आहेत, म्हणून मधे अर्धविराम आहे. पूर्णविरामही चालला असता. नुसता स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं जोडणं ही इंग्रजीत चूक मानतात. आय.ई.नंतर पूर्ण वाक्य आलं तरी हाच नियम. ‘विच मीन्स’ही जपून वापरा. त्यातलं ‘विच’ मागच्या कोणत्या गोष्टीला धरून आहे ते बऱ्याचदा कळत नाही. ‘धिस डिले मीन्स’ असं नाव घेऊन लिहिलं की प्रश्न मिटतो.

लघुरूपांची फोड करताना आय.ई. लावू नका. “एम्प्लॉईज स्टेट इन्शुरन्स (ईएसआय)” असं पहिल्यांदा कंसात द्यायचं आणि पुढे नुसतं ईएसआय. आणि ‘अ‍ॅन्युअली, आय.ई., एव्हरी इयर’सारखे खुलासे खोडून टाका. ज्याला अ‍ॅन्युअली कळतं त्याला तो अपमान वाटतो, आणि ज्याला कळत नाही त्याच्यासाठी ‘एव्हरी इयर’ एवढंच पुरेसं होतं.

राहिलं तुमचं ‘मीन्स’. मराठीत आपण विचार जुळवत असताना ‘म्हणजे…’ म्हणून वेळ काढतो. ते इंग्रजीत ‘मीन्स’ होऊन बाहेर पडतं: “मीन्स, आय वॉज सेइंग”. इंग्रजीत ‘मीन्स’ हे क्रियापद आहे, त्याला कर्ता लागतो. ‘दॅट मीन्स’ किंवा ‘इट मीन्स’. आधी बोललेलं सावरून घ्यायचं असेल तर ‘आय मीन’. नुसता वेळ काढायचा असेल तर काहीच न बोलता क्षणभर थांबा. समोरच्याला ते विचारपूर्वक बोलणं वाटतं. सवय मोडायला फोनवर दोन मिनिटं रोजच्या कामाबद्दल इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा आणि ऐकताना प्रत्येक ‘मीन्स’च्या जागी काय हवं होतं ते लिहा. बहुतेक जागी ‘काही नको’ असंच उत्तर निघेल. जिथे खरंच कर्ता हवा होता ती दोन-तीन वाक्यं तेवढी पुन्हा मोठ्याने म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नवीन विषय घ्या.